उलटी बाजू

शाळेतली शिवणाच्या बाईची १९ वर्षांची नोकरी मी गेल्या दिवाळीत सोडली. पुण्याच्या बोहरी आळीतून ठोक भावाने मणी, रेशमाच्या लडी, क्रोशाच्या सुया आणल्या आणि पुढच्या खोलीत दुकान मांडले.

एक तारीख आली; पगार आला नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुधाचा रतीब मात्र अर्धा झाला.

त्याच संध्याकाळी एक जुनी विद्यार्थिनी आली. भरतकामाची उलटी बाजू पाहून मी तिचे गुण कापले होते.

“बाई, ताईच्या रुखवताला निळी लडी हवी. आणि मागच्या गाठी कशा लपवायच्या हो?”

“गाठ मारायचीच नाही. दोऱ्याचे टोक मागच्या टाक्यांखालून ओवून घ्यायचे.”

मी तिला शेजारी बसवले. गल्ल्यात १५ रुपये पडले. तास मात्र लांबला. घंटा द्यायला कोणी नव्हते ना!