रानातली काळी

कुरकुंभ म्हटलं की लोकांना एमआयडीसीतल्या रसायनांच्या कंपन्या आठवतात, नाहीतर फिरंगाई देवी. मला आमच्या रानातली काळी माती आठवते. सुट्टी संपवून दौंडला गाडी पकडायला निघाले तेव्हा दहा किलो माती पिशवीत भरलेली पाहून आई म्हणाली, "कालेजात माती मिळत न्हाय व्हय?"

मिळत होती. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सिरॅमिकचं पहिलं वर्ष मी तयार, गाळलेल्या मातीवरच शिकले. दुसऱ्या वर्षी झिलई स्वतः बनवायची वेळ आली आणि मला घरची माती चाकावर धरून बघावीशी वाटली. गावातल्या कुंभारकाकांनी बजावलं होतं, "नुसती काळी धरत न्हाय गं. राख घाल, लीद घाल." मी नुसतीच मळली.

ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची आणि वाळल्यावर मोजायची, ही आमची कसोटी. कॉलेजच्या मातीची रेघ ९.४ भरली, माझी ८.७. सातपैकी पाच वाट्या वाळतानाच तडकल्या. काळ्या मातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आक्रसतात. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या याच कारणानं. राख-लिदीनं माती मोकळी होते, पाणी सगळीकडून सारखं निघतं. काकांचं म्हणणं मला तेव्हा कळलं.

उरलेल्या दोन वाट्या ९५० अंशांच्या पहिल्या भाजणीतून सुरेख विटकरी निघाल्या. टिचकी मारली की खणखणीत वाजायच्या. आठ दिवसांनी बघते तर कपच्या उडालेल्या, आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. चुनखडी! रानातले ते बारीक खडे मी निवडलेच नव्हते. भट्टीत त्यांचा कळीचा चुना झाला आणि मुंबईची दमट हवा पिऊन तो फुगला. मी रडले, हे खरं आहे.

सर म्हणाले, "टाकू नकोस. का फुटली ते वहीत लिही. मग हीच माती कालवून झिलई म्हणून लाव, आणि मोठ्या आचेला जाऊ दे."

कालवून ८० मेशच्या चाळणीतून गाळली, कॉलेजच्या मातीच्या भाजलेल्या वाटीवर लावली. वाळताच खपल्या सुटल्या, कारण खालची वाटी आता आटणार नव्हती आणि वरची माती आटत होती. पुढच्या वेळी अर्धी माती आधी भट्टीत भाजून, कुटून, कच्चीत मिसळली. हा थर टिकला. १२४० अंशांची भट्टी दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा वाटी चकचकीत काळपट तपकिरी झाली होती, काठाला मधाचा रंग. ज्या चुन्यानं आधीच्या वाट्या फोडल्या तोच बारीक होऊन मातीभर विखुरला की मोठ्या आचेला ती वितळवतो. रंग लोहाचा, आपल्या काळ्या पाषाणातून आलेला.

आमच्या शाळेत मातीकाम १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी उभं केलं. अजिंठ्याची चित्रं आणि सिंधची नक्षी ल्यालेली त्या काळातली भांडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांच्याविषयी वाचताना मी माती शोधत असते: कुठली, कशी गाळली, किती आटली. माझ्या मते भांड्याची खरी हकिगत तिथून सुरू होते.

वाटी काकांना दाखवली. त्यांनी ती उलटी केली, बुडाला नख लावलं. "ही आपली काळी?" आणि मग, "आच किती दिली?"

माझ्या वहीतलं प्रमाण असं: कच्ची काळी माती ५० भाग, भाजलेली ५०, आच १२४० अंश. तुमच्या रानातली वेगळी निघेल. आधी रेघ ओढून बघा, आणि चुनखडी निवडून घ्या.