ग्रीन बेहून आबांस

मिलवॉकी, ता. २६ सप्टेंबर १९५७

तीर्थरूप आबांच्या सेवेशी,

बालकाचे कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. शिकागोहून टाकलेले पत्र एव्हाना हाती आले असेल. साथीच्या तापाच्या बातम्या वाचून आईने काळजी करू नये. माझी प्रकृती उत्तम आहे, आणि सहकारी दूधसंघ व चीजचे कारखाने यांच्या पाहणीचे जे काम सोपवून सरकारने मला इतक्या दूर धाडले, तेही ठरल्या क्रमाने चालू आहे. मात्र या आठवड्यात मिलवॉकीत कोणाही शहाण्या माणसाकडून दुधाविषयी सरळ उत्तर मिळणे दुरापास्त झाले आहे. सोमवारी रात्री येथील ‘ब्रेव्ह्ज’ नावाच्या बेसबॉल संघाने सेंट लुईसच्या संघास नमवून आपल्या लीगचे अजिंक्यपद पटकावले. सामना बरोबरीत लांबत अकराव्या डावापर्यंत गेला, आणि तेथे हेन्री ॲरन या तेवीस वर्षांच्या तरुणाने चेंडू असा काही टोलावला की तो कुंपणापलीकडेच जाऊन पडला. सवंगड्यांनी त्यास खांद्यावर घेतले, आणि मोटारींचे भोंगे मध्यरात्रीनंतरही माझ्या खिडकीखाली वाजत राहिले.

हा ॲरन कृष्णवर्णीय, दक्षिणेकडील अलाबामा प्रांतातला. ज्या सोमवारी त्याला येथे खांद्यावर नाचविले, त्याच सोमवारी सकाळी त्याच दक्षिणेतील लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेबाहेरच्या जमावाच्या भीतीने पोलिसांना वर्गातून काढून न्यावे लागले, आणि काल राष्ट्राध्यक्षांनी धाडलेल्या लष्कराच्या पहाऱ्यात ती मुले पुन्हा आत गेली. माझ्या यजमानांनी पहिली बातमी मला मोठ्याने वाचून दाखविली व दुसरी नुसती बोटाने दाखविली. आपल्याकडील पाणवठ्यांचा इतिहास विसरण्याइतका मी घरापासून दूर आलेलो नसल्यामुळे मीही त्यावर प्रवचन केले नाही.

उद्या उत्तरेस ग्रीन बे येथे जातो. तेथील एका दूधसंघाचे हिशेबनीस माझे यजमान होणार आहेत. त्यांनी कळविले आहे की शनिवार-रविवारी कचेरी बंद राहील, दप्तर सोमवारी दाखवू, पण रविवारी फुटबॉलचा हंगाम उघडत असून नव्या क्रीडांगणाचाही समारंभ असल्याने पाहुण्याने त्याला हजर राहिलेच पाहिजे. निमंत्रणाचा सूर समन्साचा होता.

ग्रीन बे, ता. २८ सप्टेंबर, शनिवार रात्र

तीर्थरूप आबा,

हे गाव मिशिगन सरोवराच्या एका लांबट उपसागराच्या टोकाशी, फॉक्स नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले आहे. वस्ती सुमारे ५३ हजार, म्हणजे आपल्या कोल्हापुराहून कितीतरी लहान. नदीकाठी कागदाच्या गिरण्या असून त्यांचा गंधकमिश्रित दर्प वारा फिरताच जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन बसतो, आणि घरची माणसे त्याची दखलही घेत नाहीत. आज दुपारी रस्त्यांतून मिरवणूक निघाली. वाद्यपथके, सजविलेल्या गाड्या, फुटपाथावर खुर्च्या मांडून सकाळपासून जागा धरून बसलेल्या म्हाताऱ्या, सारे काही यथासांग.

येथील फुटबॉल म्हणजे आपल्या पेठापेठांतून जो अनवाणी पायांनी व दुखावलेल्या अभिमानाने खेळला जातो तो नव्हे. यात चेंडू लंबगोल असतो, तो बहुधा हातात धरूनच पळावयाचे असते, आणि खेळणारे पगारी असतात. पण खेळाविषयी उद्या पाहून लिहीन. आज सायंकाळी यजमानांनी जी हकिकत सांगितली ती एका सहकार खात्याच्या नोकराला झोप येऊ न देणारी असल्यामुळे आधी तीच लिहितो.

या देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये बारा संघ आहेत. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट, लॉस अँजेलिस, एकट्या शिकागोचे दोन, अशी ही नामावळी. आणि या महानगरांच्या पंक्तीत हे गिरणगाव १९२१ सालापासून पान मांडून बसले आहे. आरंभी अशी बरीच लहान गावे होती, ती एकामागून एक उठली. एवढे एकच उरले. इतर संघांना धनिक मालक आहेत. या ‘पॅकर्स’ संघाला मालक नाही, किंवा असे म्हणू की इतके मालक आहेत की त्यांपैकी एकालाही मालकाचा तोरा दाखविता येत नाही. १९१९ साली मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीतील कर्ली लॅम्बो या कारकुनाने धन्याकडून गणवेशासाठी ५०० डॉलर मिळवून संघ उभा केला. कंपनीचे नाव ‘इंडियन पॅकिंग कंपनी’ होते, तथापि तिचा आपल्याशी काडीचाही संबंध नाही. लवकरच कर्ज झाले. पावसाने प्रेक्षक न आल्यास भरपाई मिळावी म्हणून एका सामन्याचा विमा उतरविला होता, तर पाऊस आला, प्रेक्षक घरी बसले, आणि करारात लिहिल्यापेक्षा पाऊस इंचाच्या शतांशाने कमी पडला म्हणून विमेवाल्यांनी हात वर केले, असे सांगतात. तेव्हा गावातील व्यापारी आणि वृत्तपत्राचे व्यवस्थापक पुढे झाले, व १९२३ साली पाच-पाच डॉलरचे भाग गावकऱ्यांस विकून क्लबाची रीतसर संस्था करण्यात आली.

पुढे मंदीच्या काळात एक प्रेक्षक बाकांवरून खाली पडला व त्याने दावा लावला. कोर्टाने नुकसानभरपाई मंजूर केली, तो विमा कंपनीच बुडाली, आणि क्लबावर रिसीव्हर बसला. १९३५ साली पुन्हा भाग विकले. १९४९ साली तिजोरीत पुन्हा खडखडाट झाला, तेव्हा संघातील खेळाडूंनी आपसांतच एक सामना खेळून सुमारे ५० हजार डॉलर जमविले, आणि पुढच्याच वर्षी २५ डॉलरचा एक याप्रमाणे तिसऱ्यांदा भाग काढले. यजमानांच्या जिन्याखाली असल्या एका भागाचा दाखला चौकटीत लावलेला आहे, शेजारी पोपचे चित्र.

मी धंद्याप्रमाणे विचारले, “लाभांश किती टक्के?”

ते म्हणाले, “काही नाही.”

“भाग वाढीव किमतीला विकता येतो?”

“नाही.”

“क्लब मोडला तर शिल्लक भागधारकांत वाटली जाते?”

“मुळीच नाही. निवृत्त सैनिकांच्या संघटनेच्या इथल्या शाखेला जाते, स्मारक बांधायला.”

“मग पैसे का दिले?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू दूधसंघाची तपासणी करावयास आलेल्या माणसाने गाय कशासाठी पाळतात असे विचारावे. आतून बाईसाहेब म्हणाल्या, “शिकागोवाल्यांना विचारा.”

उद्याचा सामना शिकागोच्या ‘बेअर्स’शीच आहे.

ग्रीन बे, ता. ३० सप्टेंबर, सोमवार

तीर्थरूप आबा,

प्रथम निकाल सांगतो, कारण दादा पत्राच्या शेवटापर्यंत धीर धरणार नाहीत. ग्रीन बे २१, शिकागो १७.

नवे क्रीडांगण गावाच्या नैर्ऋत्येस, कालपरवापर्यंत शेत असलेल्या उतारावर बांधले आहे. जमिनीचा उतारच खोदून त्याची वाटी केली असल्यामुळे बाहेरून पाहणारास त्याची उंची भासत नाही, आणि आत पाऊल टाकताच एकदम सारे मैदान पायाखाली उघडते. मला आपल्या खासबागेच्या कुस्ती-मैदानाची आठवण झाली. तेथेही महाराजांनी भुई खोलगट करून हौदा मध्ये ठेवला, म्हणून शेवटच्या पायरीवरील हमालालाही पेच दिसतो. येथेही बत्तीस हजारांवर माणसांत एकालाही पुढच्याच्या डोक्याआडून मान वेळावावी लागत नव्हती. हे बांधण्याचे कारण असे की जुने मैदान एका शाळेजवळचे, लाकडी बाकांचे व लहान. पाहुण्या संघांस तिकीटविक्रीचा हिस्सा मिळत असल्याने मोठ्या शहरांचे संघ तेथे यावयास नाराज असत, आणि सारेच सामने मिलवॉकीस हलवा, अशी कुजबुज वाढत चालली होती. तेव्हा नगरपालिकेने ९ लाख ६० हजार डॉलरचे, म्हणजे आपल्या पंचेचाळीस लाखांवर रुपयांचे, कर्जरोखे काढण्याचा प्रश्न गतवर्षी ३ एप्रिल रोजी मतदारांपुढे ठेवला. खर्चाचा निम्मा भार क्लबाने उचलावयाचा होता. ११,५७५ मते अनुकूल पडली, ४,८९३ प्रतिकूल.

त्या मतदानापूर्वी शिकागोच्या संघाचे मालक जॉर्ज हालास यांनी स्वतः येथे येऊन सभेत कर्जरोख्यांच्या बाजूने भाषण केले. ज्याच्या नावाने येथील आया मुलांना दटावतात तो माणूस व्यासपीठावर चढून, तुमचे मैदान बांधा, म्हणून विनवितो, यातील औदार्य यजमान मान्य करतात. पण तिकिटांतील त्याचा हिस्साही न विसरता मोजून दाखवितात. मला दोन्ही खरे वाटते. नुसत्या औदार्यावर संस्था चालत नाहीत, हे आपण मामलेदार कचेरीत हयात घालवून मला शिकविले आहे, आणि नुसत्या हिश्श्यासाठी कोणी वैऱ्याच्या गावी जाऊन भाषण ठोकीत नाही.

मध्यंतरात उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी क्रीडांगणाचे लोकार्पण केले. चार वर्षांपूर्वी दिल्लीस येऊन गेलेले हेच ते. भाषण नीटनेटके झाले. परंतु शेजारच्या पोरांचे सारे लक्ष, टेलिव्हिजनवर धाक घालणाऱ्या मार्शलची भूमिका करणारा जेम्स आर्नेस नावाचा जो धिप्पाड नट आला होता त्याच्यावर खिळलेले. यंदाची ‘मिस अमेरिका’देखील त्याच्यापुढे फिकी पडली.

आता खेळ. अकरा विरुद्ध अकरा, डोक्यास शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या. ज्या संघाकडे चेंडू, त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावयाचे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्याकडे. शंभर यार्ड ओलांडून पलीकडची रेषा गाठली की सहा गुण, त्यानंतर खांबांतून लाथ मारून चेंडू घातला की आणखी एक. नुसत्या लाथेचे तीन. पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, पण प्रत्येक प्रयत्नापूर्वी गडी डोकी एकत्र करून मसलत करतात, मग ओळी लावतात, मग एकदम पाचसहा सेकंद मांसाचा ढीग होतो आणि पंच शिट्टी फुंकतो. पहिला तासभर मला हा खेळ फार तुटक वाटला, आणि खरे सांगावयाचे तर अजूनही वाटतो. आपल्या कुस्तीत जो अखंड ताण असतो तो येथे दर घटकेला सुटतो व पुन्हा बांधावा लागतो. एक गोष्ट मात्र आपणास निश्चित आवडेल. चेंडू नेमका कोठवर गेला याविषयी शंका आली की दोन माणसे दहा यार्डांची साखळी घेऊन धावत येतात, ती ताणून मोजणी करतात, आणि वीतभर फरकाने हक्क कायम होतो किंवा जातो. बत्तीस हजार माणसे त्या वेळी श्वास रोखून साखळीकडे पाहतात. मोजणीच्या वेळी एवढी शांतता मी आपल्याकडे एकाही बांधावर पाहिलेली नाही.

माझ्या डाव्या हातास सत्तरीच्या घरातील एक बाई बसल्या होत्या. मांडीवर कॉफीचा थर्मास, आणि देवळातून मिळालेल्या प्रार्थनापत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येक प्रयत्नाचे यार्ड पेन्सिलीने मांडण्याचे काम. हिशेब जमेचा व खर्चाचा असा दोन रकान्यांत. शिकागो पुढे गेले तेव्हा त्यांनी पेन्सिलीला टोक केले, बाकी चेहरा ढळू दिला नाही. चौथ्या भागात बेब पॅरिली याने फेकलेला चेंडू गॅरी कनाफेल नावाच्या उंच गड्याने रेषेपलीकडे झेलला, ग्रीन बे पुढे गेले, आणि त्या बाईंनी सहा हा आकडा लिहिण्याऐवजी ती पत्रिकाच हवेत भिरकावून दिली. नंतर मी ती बाकाखालून शोधून त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांनी राहिलेला आकडा लिहून बेरीज पुरी केली.

या विजयाने गाव धुंद झाले खरे, पण यजमान हिशेबनीसच आहेत. गेल्या नऊ वर्षांत संघाचा एकही हंगाम हरण्यापेक्षा जिंकण्याचा झालेला नाही, हे त्यांनी परतताना मोटारीतच सांगितले. त्यांची आशा दोन गोष्टींवर आहे. एक, नवे मैदान. दुसरी अशी की, कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड करताना जो संघ तळाशी असेल त्याला पहिला मान, असा नियम या लीगने १९३६ पासून पाळला आहे. धनिक मालकांच्या या मंडळीने आपसांत दुबळ्याला आधी वाढण्याचा ठराव करावा, आणि तोही भांडवलशाहीच्या या माहेरघरी, हे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटलांना सांगितले तर ते हसतील आणि धनंजयराव गाडगीळ टिपून घेतील. पण तेथील शेतकऱ्याला भाग घेतला की उसाचा दर तरी मिळतो. येथे वर्षातून काही रविवार ओरडण्याचा हक्क मिळतो आणि तिकीट वेगळे काढावे लागते. तरी माणसे तीन वेळा पैसे देतात, याचा उलगडा मी शोधीत होतो. माझी समजूत अशी झाली आहे की शिकागो नसते तर हे भाग खपले नसते. गावावरील प्रेम हे भांडवल खरे, पण ते दर रविवारी वसूल व्हावयास समोर कोणी तरी मोठा, श्रीमंत आणि हरविण्याजोगा लागतो. आपल्याकडील एखाद्या सोसायटीच्या नियमावलीत ही तरतूद कशी घालावी, हे मला अद्याप सुचलेले नाही.

आज सकाळी दूधसंघाचे दप्तर पाहिले. ते उत्तम आहे, त्याविषयी सरकारास वेगळे लिहितोच. त्यानंतर यजमानांनी क्लबाच्या घटनेतील शिलकेच्या विल्हेवाटीचे कलम मला वाचून दाखविले. संस्था मोडून कोणाचाच फायदा होऊ नये, अशा बेताने ते लिहिलेले असून, मोडकळीस आलेल्या संस्थांच्या जागा-इमारतींवर डोळा ठेवून सभासद झालेली मंडळी आपण आणि मी पुष्कळ पाहिली असल्यामुळे मला ते फार मोलाचे वाटले. त्याची नक्कल उतरून घेतली आहे. ती या पत्रासोबत वेगळ्या लिफाफ्यात घातली आहे. पुण्यास निबंधकांच्या कचेरीत मी परतल्यावर स्वतः दाखल करीन, तोवर आपल्या कपाटात वरच्या खणात ठेवावी. कागद गुलाबी व पातळ आहे, तेव्हा वहिनींनी तो पुडीस घेऊ नये, एवढे त्यांना आजच सांगून ठेवावे. उद्या मॅडिसनला निघतो, पत्ता पूर्वीचाच.

आपला आज्ञाधारक,
माधव