सांगली ते पुणे, व्हाया खंड्या

सांगलीहून येताना काय आणायचं, हे ठरलेलं असतं: हळद, बेदाणे आणि भडंग. मीही भडंगच आणलाय. फक्त तो दहा महिन्यांचा आहे, त्याला चार पाय आहेत आणि कढईतल्या चुरमुऱ्यासारखा तो एका जागी ठरत नाही. नाव त्यावरूनच पडलं.

रस्त्यावर सापडलेलं हे पिल्लू विश्रामबागेतल्या एका काकूंनी वाढवलं. दोन घरांनी नेलं आणि परत आणून सोडलं. तक्रार एकच, ‘फार मस्ती करतो.’ लांब पाय, आत ओढलेलं पोट. कारवानी रक्त कुठेतरी असणार! या पट्ट्यात त्याचं नवल नाही. कारवान काय किंवा पलीकडे बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ काय, ही सावज नजरेने हेरून सुसाट सुटणारी शिकारी कुत्री. मुधोळ पिल्लं तर २०१६मध्ये लष्करानेही मेरठच्या केंद्रात ट्रेनिंगसाठी नेली. अशा जिवाला वन बीएचकेत दिवसभर कोंडायचं आणि संध्याकाळी फाटलेला सोफा बघून कपाळाला हात लावायचा, हा काय न्याय झाला?

काकूंचा क्रॅश कोर्स भल्या पहाटे कृष्णाकाठी झाला. आयर्विन पुलाच्या बाजूला दोरी धरून मी अक्षरशः फरपटत होते. “बांधून ठेवू नकोस बाई त्याला. आधी पळव, मग लाड कर,” काकू म्हणाल्या. चाळीस मिनिटं पळाल्यावर हा पठ्ठ्या माझ्या बुटावर डोकं ठेवून चक्क झोपला. मस्ती नव्हतीच ती, काम मागत होता.

रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचं अख्खं कूपे नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. म्हणून गाडी केली. निघण्याआधी पोट रिकामं, मागच्या सीटला हार्नेस आणि दर दीड तासाला थांबा. पेठ नाका, कऱ्हाड करत आम्ही कृष्णेच्या उगमाच्या दिशेने वर चढत होतो.

साताऱ्यात सगळे कंदी पेढ्यांसाठी थांबतात. तुमच्यासोबत कुत्रा असेल तर पूर्वेला पाचेक किलोमीटरवर संगम माहुलीला वळा. इथे वेण्णा कृष्णेला मिळते. काठावर १७३५चं विश्वेश्वर मंदिर आहे, आणि जवळच छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा खंड्याने भुंकून महाराजांना सावध केलं, असं सांगतात. बदल्यात त्याला पालखीचा मान आणि जहागीर मिळाली म्हणे! भुंकतो म्हणून सोसायटीची नोटीस येते, त्या काळात हे ऐकायला फार बरं वाटतं. भडंगला इतिहासात शून्य रस. त्याने घाटाच्या पायऱ्यांवर सहा चकरा मारल्या आणि पाणी प्यायला.

आता पुण्यात रोज पहाटे साडेपाचला टेकडी. पाऊस असो, डेडलाइन असो. आठवड्यातून दोनदा टॉवेलमध्ये खाऊ लपवून हुडकायला देते; त्याने तो पळण्याइतकाच दमतो. चप्पल आजवर एकच गेली.

काकूंनी निघताना कागदावर सही घेतली होती: महिनाभर दर रविवारी फोन करायचा. जमलं नाही तर रस्त्यावर सोडायचा नाही, सांगलीला परत आणायचा. तीन रविवार झालेत. प्रत्येक फोनला त्या आधी विचारतात, “पळवलास का आज?”