निम्मे मानधन

वेषांतर करून रात्री नगरात हिंडणाऱ्या राजाची गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. त्या राजाला आपला अहवाल चोवीस तासांत कोणापुढे सादर करावा लागत नसे, एवढाच त्याच्यात व आमच्यात फरक! निवृत्तीनंतर काही काळ आम्ही उभयतां 'मिस्टरी शॉपर', म्हणजे गुप्त गिऱ्हाईक होतो. दुकानातील नोकरांचा प्रामाणिकपणा पारखण्याचा हा प्रकार अमेरिकेत १९४० च्या दशकात रूढ झाला. आता आपल्याकडेही पेट्रोल पंप, बँका, हॉटेले येथे अशी माणसे पाठविली जातात. साध्या ग्राहकासारखे जायचे, मनात घड्याळ ठेवायचे, बिल जपायचे आणि मग साठ-सत्तर प्रश्नांची उत्तरे भरून द्यायची. नाव लपविणे हे असत्यात मोडते काय, हा प्रश्न आम्हांस सुरुवातीस छळीत असे. पुढे त्याची सवय झाली, हे कबूल केले पाहिजे.

२०२३ च्या जुलैत आमच्या वाट्यास दिवेआगर आले. दिव्याहून माणगावपर्यंत रेल्वे, पुढे म्हसळा, बोर्ली पंचतन असा एस.टी.चा प्रवास. मराठीतील अतिप्राचीन लेखांत गणला जाणारा शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा ताम्रपट याच गावचा. नारळी-पोफळीच्या वाड्या, केवड्याची बने, सुरूच्या झाडांमागे गर्जणारा समुद्र. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या आडव्या केल्या, त्याची खूण ठिकठिकाणी दिसत होती. नव्याने लावलेली पोफळ फळास यायला सात-आठ वर्षे लागतात. तोवर घर चालवायचे ते पाहुण्यांवर. आम्ही त्या पाहुण्यांपैकीच, पण वही लपवून आलेले!

रात्री वादळी पाऊस झाला, वीज गेली. सकाळी न्याहारीची वेळ आठची; ती आली आठ वाजून चाळीस मिनिटांनी. आणणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, नखशिखांत भिजलेला. फ्रिज बंद पडून दूध नासले होते, म्हणून तो सायकलने बोर्लीला जाऊन आला होता. चहा ठेवीत तो हळूच म्हणाला, "आजी, उशीर झाला म्हणून मालकांना सांगू नका हां. अर्धी हजेरी कापतात."

आमच्या प्रश्नपत्रिकेत तेविसावा प्रश्न होता: न्याहारी किती मिनिटे उशिरा आली? चोविसावा: वाढणाऱ्याचे नाव काय? पंचविसावा: तो हसला काय? उशिराचे कारण विचारणारा प्रश्न त्यात नव्हता.

दुपारी खोली सोडली. वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. पण खरे सांगायचे तर उशीर केवळ विजेमुळे झाला नाही. घरी पोहोचल्यावरही आम्ही त्या दोन प्रश्नांपाशी अडून बसलो. आमच्यातील एकाचे म्हणणे, चाळीस म्हणजे चाळीस. मानधन घेतो ते खरे लिहिण्याचे. दुसऱ्याचे म्हणणे, कारणावाचून आकडा लिहिला तर ते अर्धेच खरे. शेवटी चाळीस लिहिले, नाव लिहिले आणि 'अन्य शेरा' या चौकटीत दुधाची सारी हकिकत लिहिली. अहवाल सात तास उशिरा गेला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. विलंबाबद्दल बाराशेपैकी सहाशे रुपये कपात. शेरा 'वस्तुनिष्ठ नसल्याने' वगळला. विजेचे कारण कळविले, त्यास उत्तर आले नाही. १९३६ च्या वेतन कायद्यानुसार कामगारास म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून दंड करता येत नसे, आणि तो वेतनाच्या शेकडा ३ पेक्षा अधिक असता कामा नये, असे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही दंडाची ती मर्यादा कायम आहे. परंतु आम्ही कामगार नव्हतो. करारात आमचा उल्लेख 'स्वतंत्र कंत्राटदार' असा होता. मजुराची मजुरी बुडविणे हा घोर अपराध असल्याचे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच आपल्या 'रेरुम नोवारूम' परिपत्रकात बजावले आहे. सहाशे रुपयांसाठी ते उद्धृत करणे आम्हांस शोभले नसते. तो मुलगा मात्र ते खुशाल उद्धृत करू शकला असता.

उरलेले सहाशे सत्तेचाळीस दिवसांनी जमा झाले. ते काम आम्ही तेथेच सोडले.

पुढल्या जानेवारीत आम्ही पुन्हा दिवेआगरला गेलो, यावेळी स्वतःच्या खर्चाने, त्याच घरी. न्याहारी बरोबर आठ वाजता आली. आणणारा मुलगा दुसरा होता.

"आधीचा कुठं गेला रे?" आम्ही विचारले.

"तो होय? पनवेलला गेला, पावसाळ्यातच."

कशासाठी गेला, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. चहा ऊन होता, दूध ताजे होते.