कार्डावरचा छोटा आकडा

कॅमेरा घेताना आपण महिना-दोन महिने विचार करतो. ओळखीच्यांना विचारतो, दुकानात जाऊन हातात धरून बघतो. मेमरी कार्डाची वेळ आली की मात्र दुकानदार म्हणतो, "हे घ्या मॅडम, सगळे हेच नेतात," आणि आपण ते पिशवीत टाकतो. खरं तर फोटो राहतात ते त्या टपाल तिकिटाएवढ्या कार्डातच. कॅमेरा बिघडला तर दुरुस्त होतो. कार्ड गेलं तर तो दिवसच गेला.

आमच्या घरी हा प्रश्न जरा जास्तच गंभीर झाला. आम्ही बंगळुरूला मारतहळ्ळीत राहतो. गेल्या वर्षी घरात मिररलेस कॅमेरा आला आणि त्याच सुमारास सासूबाई वाईहून महिनाभरासाठी आल्या. वय ऐंशीच्या पुढे. जात्यावरच्या कितीतरी ओव्या त्यांना तोंडपाठ आहेत. काही त्यांच्या आईकडून आलेल्या, काही त्यांनी स्वतः जुळवलेल्या. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. त्या व्हिडिओवर घ्यायच्या असं ठरलं.

नववीतल्या मुलाचं म्हणणं, "आई, सगळ्यात फास्ट आणि सगळ्यात मोठं कार्ड घे, म्हणजे विषय संपला." किंमत बघितल्यावर मी कॅमेऱ्यासोबत आलेलं माहितीपुस्तक घेऊन बसले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती आकड्यांची. कार्डावर १७० किंवा २०० असा जो मोठा आकडा असतो, तो बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे फोटो कार्डातून संगणकावर घेतानाचा. व्हिडिओ चालू असताना कॅमेऱ्याला हवा असतो लिहिण्याचा वेग, तोही सलग, न अडखळता. त्याची खूण कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी, व्ही ६० म्हणजे ६० आणि व्ही ९० म्हणजे ९०.

दुसरा गोंधळ मेगाबिट आणि मेगाबाइटचा. आमचा कॅमेरा फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या दराने घेतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे फक्त साडेबारा एमबी. व्ही ३० कार्डाला हे सहज झेपतं. याच हिशोबाने एका तासाला साधारण ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर सव्वा तास आरामात मावतो.

मग महागडी कार्डं कोणासाठी? उडत्या बगळ्याचे सेकंदाला दहा-दहा रॉ फोटो काढणाऱ्यांसाठी. एक रॉ फोटो २५-३० एमबीचा धरला, तरी सेकंदाला २५०-३०० एमबी झाले. तिथे कार्ड हळू असेल तर कॅमेरा मध्येच थांबतो. त्यासाठी यूएचएस-टू प्रकारची कार्डं असतात. त्यांच्या मागे पितळी पट्ट्यांची आणखी एक ओळ दिसते. पण कॅमेऱ्याचा खाचा यूएचएस-वनचा असेल, तर ते कार्ड चालतं, पण त्याच्या जादा वेगाचा उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट नकली कार्डांची. आमच्याच इमारतीतल्या एका शेजारणीच्या नातवाच्या बारशाचे फोटो असे गेले. कार्डावर छापलं होतं २५६ जीबी, आत जागा फारच थोडी. असं कार्ड कॅमेऱ्याला खोटं माप सांगतं. खरी जागा भरली की पुढचे फोटो रिकामे निघतात किंवा आधीचे पुसले जातात. म्हणून नवं कार्ड आणलं की महत्त्वाच्या दिवसाआधी ते एकदा पूर्ण भरायचं आणि सगळं पुन्हा उघडून बघायचं. त्यासाठी मोफत प्रोग्रॅमही मिळतात.

मोठं एकच कार्ड घ्यायचं की छोटी दोन, यावर घरात बराच वाद झाला. तो सासूबाईंनी सोडवला. म्हणाल्या, "अगं, बियाणं कधी एकाच कणगीत ठेवतात का? उंदीर लागला तर पेरायचं काय?"

आम्ही ६४ जीबीची व्ही ३० कार्डं दोन घेतली आणि उरलेल्या पैशांत हार्ड डिस्क. मुद्रण पहाटे साडेपाचला. रिंग रोडवरचे हॉर्न आणि एचएएलच्या धावपट्टीवरची विमानं सुरू व्हायच्या आत. ओव्यांची वेळ तशीही पहाटेचीच. चार पहाटा त्या गायल्या. रोज त्याच दिवशी व्हिडिओच्या दोन प्रती व्हायच्या, मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट. एक प्रत आमच्याकडे आणि एक नणंदेकडे साताऱ्याला.

प्रती का, याचं मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. आधी त्या कागदावर उतरल्या, काहींचं ध्वनिमुद्रण झालं, मग त्या संगणकावर आल्या. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. एका जागेवरून दुसऱ्या जागी वेळेवर नेल्या, म्हणून त्या टिकल्या. कार्डही कायमच्या साठवणीसाठी नसतं. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलं तर त्यातली माहिती खराब होऊ शकते.

तुम्ही कार्ड घ्यायला जाल तेव्हा आधी कॅमेऱ्याच्या पुस्तकात बघा की त्याला कोणतं कार्ड चालतं. व्ही पुढचा आकडा वाचा. खात्रीच्या दुकानातून पावती घेऊन घ्या. कधी चुकून फोटो पुसले गेलेच, तर त्या कार्डावर नवीन काही घेऊ नका. पुसलेलं बरेचदा परत मिळवता येतं, पण वरून काही लिहिलं गेलं की ते अवघड होतं.

आणि घरात ज्यांचं ऐकून ठेवावं असं कोणी असेल, तर कॅमेऱ्यासाठी थांबू नका. हातातल्या फोनवर घ्या, आणि रात्री झोपण्याआधी त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा.