आभारप्रदर्शन

मराठी माणूस आभार मानतो तो फक्त सभेत. तेही कार्यक्रमपत्रिकेच्या अगदी तळाशी, ‘आभारप्रदर्शन’ या नावाखाली. म्हणजे अध्यक्षांची मोटार सुरू झालेली असते, श्रोते चपला शोधत असतात आणि सतरंजीवाला एक टोक धरून उभा असतो, अशा वेळी कुणीतरी मंडपवाल्यापासून लाऊडस्पीकरवाल्यापर्यंत सर्व ‘ज्ञात-अज्ञात’ मंडळींचे आभार मानून मोकळा होतो. ऐकायला ज्ञातही नसतात आणि अज्ञातही नसतात.

एरवी हा शब्द आपल्या तोंडाला जड जातो. दुकानातून निघताना आपण फार तर ‘बरं, येतो’ म्हणतो आणि दुकानदार ‘या’ म्हणतो. माझ्या मते या दोन शब्दांत सगळं आभारप्रदर्शन आटोपतं. ‘येतो’ म्हणजे तुमचं वागणं पटलं, पुन्हा येईन. पटलं नसेल तर माणूस मुकाट्याने पायरी उतरतो. पद्धत उत्तम आहे. खोट एवढीच, की ‘येतो’ आपण म्हणतो ते गल्ल्याकडे बघून. ज्याने तासभर माल काढून दाखवला तो नोकर तोवर भिंतीकडे तोंड करून घड्या घालत असतो.

हा विचार मला शेलूबाजारात सुचला यात नवल नाही. ज्या गावाचं आडनावच ‘बाजार’, तिथे दुसरं सुचणार काय? परभणीचं सेलू वेगळं, वर्ध्याचं सेलू वेगळं. आमचं हे मंगरुळपीर तालुक्यातलं. १ जुलै १९९८ पर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यात होतो, त्या दिवशी वाशीम जिल्हा झाला आणि घर न बदलता आमचा जिल्हा बदलला. पुढे ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आमच्या गावापाशी त्याला चढायची-उतरायची वाट मिळाली. तेव्हापासून आमच्याकडे दोन जातींची गिऱ्हाइकं दिसतात. एक ‘येतो’वाली आणि दुसरी मोटारीतून उतरणारी ‘थँक्यू’वाली. ही दुसरी मंडळी पाण्याच्या बाटलीला थँक्यू म्हणतात, सुट्या पैशांना थँक्यू म्हणतात आणि रस्ता विचारून, सांगितलेल्या दिशेच्या उलट जातानाही थँक्यू म्हणतात. त्यांना हसू नये. त्यांचं थँक्यू निदान समोरच्या माणसाला तरी पोचतं.

समोरच्या माणसाचं काम काय असतं ते पाहा. फवारणीच्या पंपाचं दोन रुपयांचं वायसर मागायला शेतकरी येतो. येताना जुनं वायसर आणायचं विसरतो आणि हाताच्या बोटांनी ‘एवढं’ असं माप दाखवतो. हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा त्या बोटांमधली हवा मोजून सात डबे उपडे करतो आणि नेमकं वायसर काढतो. ऐन फवारणीत तूर अळीच्या तोंडी जायची वाचते, दुकानाला दोन रुपये मिळतात आणि पोराला सात डबे पुन्हा भरायला मिळतात.

पण आमच्या गावातलं या विषयातलं विद्यापीठ म्हणजे कापड दुकानातले मामा. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मालकाचा मुलगाही आणि मालकही. तीस-पस्तीस वर्षं ते त्या एकाच दुकानात उभे आहेत. ‘उभे’ हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही.

एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आले होते. शेजारी व्याही बसलेले. समोर शालू उलगडला गेला, किंमत सांगितली गेली. गृहस्थांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. व्याह्यांची नजर त्या हातावर. मामांनी तेवढ्यात शालूची घडी घातली.

“हा रंग आपल्या पोरीले उठून दिसत नाई, भाऊ,” असं म्हणून त्यांनी खालच्या फळीवरून दुसरा काढला. निम्म्या किमतीचा. मुलगी मामांनी कधी पाहिलेली नव्हती. मालकांनी चष्म्यावरून बघितलं, व्याह्यांनी मान डोलावली आणि एक बाप ताठ मानेने पायरी उतरला. उतरताना त्याने ‘येतो’ म्हटलं. अर्थात गल्ल्याला.

अशा माणसाचे आभार मानायचे कसे? मी प्रयत्न करून पाहिले. पहिला प्रयत्न शब्दांचा. सदऱ्याचं कापड घेऊन झाल्यावर मी मामांना स्पष्ट उच्चारांत ‘धन्यवाद’ म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला.

“काय झालं जी? मागचा माल खराब निंघाला काय?”

“नाही हो. तुम्ही एवढं दाखवलंत म्हणून.”

“मंग म्या काय घरचं देल्लं? पैसे तं तुम्हीच देल्ले!”

दुसरा प्रयत्न रोखीचा. दिवाळीत मी पन्नासची नोट त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती सरळ नेऊन गल्ल्यात टाकली आणि माझ्या खात्यावर जमा धरली. तिसरा प्रयत्न चहाचा. मी समोरच्या टपरीवर मामांसाठी म्हणून एक चहा सांगितला. पोऱ्याने तो दुकानात आणला आणि रिवाजाप्रमाणे गिऱ्हाईक म्हणून माझ्याच पुढे ठेवला. पैसे मालकांनी दिले. उपकार करायला गेलो आणि उपकृत होऊन परतलो.

मग वाटलं, लेखी द्यावं. पण कुठे? आपल्याकडे तक्रारीची सोय चोख आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची आठवण म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन आपण पाळतो. फार मोठं काम झालं ते. मापात पाप करणारा त्यामुळे दचकू लागला. तक्रारीसाठी आयोग आहे, अर्ज आहे, तारीख आहे. पण माप नीट भरणाऱ्याबद्दल चार ओळी लिहायच्या तर साधी वही नाही. दुकानातला तो बोलका डबासुद्धा ‘इतके रुपये मिळाले’ एवढंच ओरडून सांगतो. ते कुणामुळे मिळाले, हे तो सांगत नाही.

उत्तर मिळालं ते थेट केरळातून. कोळिकोडच्या मिठाई तेरुवु नावाच्या बाजारपेठेत कापड दुकानांतून काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसायला मनाई असे. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने या बायकांना एकत्र केलं, त्या वर्षानुवर्षं भांडल्या आणि २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानातल्या नोकरांना बसण्याची सोय करणं मालकांना बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. आपल्याकडे २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असं तो झाला तेव्हा त्यात होतं. मात्र तेव्हाही तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांनाच लागू होता. आमच्या कापड दुकानात दहाचा आकडा गाठायचा तर काचेतल्या बाहुल्यांनाही हजेरीपटावर घ्यावं लागेल.

हे वाचल्यावर मी त्या दुकानाकडे नव्याने पाहिलं. मालक गादीवर बसलेले. गिऱ्हाइकं बैठकीवर. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी एक स्टूल. बाहेर पायरीवर कुत्रं बसलेलं. अख्ख्या दुकानात उभे फक्त दोघे: मामा आणि नवी पैठणी नेसलेली बाहुली. त्यांतही बाहुलीला गुडघे दुखण्याची भीती नाही.

घरी मी हे सगळं सौ.ला केरळ-तमिळनाडूसह समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती, हूं हूं करत होती. ऐकलं नसावं, असा माझा समज झाला. पुढच्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाच्या आहेराच्या साड्या घ्यायला आम्ही गेलो. सदतीस साड्या खाली आल्या. अडतिसावी काढायला मामा वळले, तेव्हा त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून फळीचा आधार घेतला. सौ.ने हातातली साडी खाली ठेवली.

“मालक, ते स्टूल मामाले द्या.”

“असू द्या वहिनी, त्याईले सवय हाय उभं राहाची.”

“मले पण सवय हाय, साड्या न घेता घरी जायची.”

वीस साड्यांचा आहेर होता. स्टूल आलं. मामा त्याच्या अगदी कडेला टेकले, पाटावर बसलेल्या नवरदेवासारखे अवघडून. मग हळूहळू मागे सरकले, आणि बसल्या बसल्या त्यांनी अशा काही साड्या उलगडल्या की वीसच्या बावीस झाल्या. हे सौ.ने मालकांना निघताना खड्या आवाजात, मामांना ऐकू जाईल असं सांगितलं: “दोन जास्तीच्या मामामुळे घेतल्या बरं!” मालकांनी वहीत काहीतरी लिहिलं. बावीसचा हिशेबच असेल, पण मला आपलं वाटलं, शेरा लिहिला.

तेव्हापासून त्या स्टुलाची जागा ठरली आहे, मामांच्या फळीपाशी. परवा गेलो तर त्यावर ब्लाऊजपिसांचा गठ्ठा ठेवलेला. मालक लगबगीने म्हणाले, “बसा वहिनी, बसा, काय दाखवू?”

सौ. बसली नाही. मालकांनी गठ्ठा उचलेपर्यंत ती मामांच्या शेजारी तशीच उभी राहिली.