विलंबित

८ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी मी एटीएममधून दोन हजार रुपये काढले. पाचशेच्या चार नोटा. तानपुऱ्याची जवारी उतरली होती, दोन तारा बदलायच्या होत्या. दिवाळीआधीच तो मिरजेला टाकून आले होते आणि बुधवारी आणायचा होता. रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून त्या चारही नोटा बाद झाल्या.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मीच तावातावानं सांगत होते की काळा पैसा असाच बाहेर येतो, चार दिवस त्रास सोसायला काय झालं. चलनात फिरणाऱ्या नोटांपैकी ८६ टक्के मूल्य एका रात्रीत रद्द झालं होतं, आणि मी चार दिवस म्हणत होते!

दुपारी कोल्हापूर स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीशी ही झुंबड. रेल्वेत जुन्या नोटा चालत होत्या, त्यामुळे जो तो पंधरा-वीस रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट पुढे करत होता आणि आतला माणूस सुट्ट्यांच्या नावानं ओरडत होता. लेकीच्या गल्ल्यातल्या दहाच्या नोटांवर मी मिरज गाठली.

सतारमेकर गल्लीत नेहमीसारखे छताला भोपळे टांगलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या काठी पिकणारे हे कडू भोपळे महिनोन्‌महिने वाळवावे लागतात, मग कुठे त्यांना दांडी बसते. तानपुरा ज्यांच्याकडे टाकला होता, त्या चाचांचे पूर्वज शिकलगार. हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली, त्याला दीड शतक उलटून गेलं.

बिल अठराशे झालं होतं. मी नोटा काढल्या, तशी चाचांनी मान हलवली.

"ह्या घेऊन मी काय करू, बाई? भोपळेवाला घेत नाही, लाकूडवाला घेत नाही."

"मग तानपुरा राहू दे. पुढच्या आठवड्यात येते."

"घेऊन जावा की. पैसं कुठं पळून जात्यात? भोपळेवाल्याचं माझ्याकडं राहिलंय, माझं तुमच्याकडं राहील."

पैशाची कार्यं शिकवताना मी फळ्यावर दरवर्षी लिहिते: विलंबित देणी देण्याचे साधन. मुलं हसतात, कारण मी गाते हे त्यांना ठाऊक आहे आणि विलंबित म्हटलं की त्यांना माझा लांबलेला आलाप आठवतो. त्या दिवशी साधनच गेलं होतं आणि देणी तेवढी उरली होती. ती कशावर उभी होती? चाचांच्या तेलकट वहीतल्या एका ओळीवर. तिथे माझं आडनावसुद्धा चुकीचं लिहिलेलं.

त्या चार नोटा बँकेत भरायला मला दोन सकाळी रांगेत घालवाव्या लागल्या. स्टाफरूममधला माझा आवाज तिथेच थोडा खाली आला असावा. डिसेंबरात नवी गुलाबी दोन हजारची घेऊन मिरजेला गेले. वरचे दोनशे द्यायला चाचांकडे सुट्टे नव्हते.

"पुढच्या जवारीला वळते करू," म्हणाले आणि वहीत लिहिलं. या वेळी माझ्या नावावर जमा.

पुढची जवारी २०१८च्या पावसाळ्यात निघाली. त्याच आठवड्यात रिझर्व्ह बँकेचा अहवाल आला होता: बाद केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या होत्या. १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी. बाहेर पडायचा तो काळा पैसा गेला कुठे, हा प्रश्न मी चाचांसमोर बसून मोठ्यानं मांडत होते. खरं तर स्वतःलाच विचारत होते, पण आवाज स्टाफरूममधलाच.

चाचा घोडीवर कानस फिरवत होते. हलक्या हातानं दोन-तीनदा, मग थांबून फुंकर. तारेखाली सूत सरकवून छेडलं: आवाज बंद, लाकडासारखा. सूत केसभर मागं. पुन्हा छेडलं.

"आणि सरकार म्हणतं की–"

"बाई, जरा गप बसा," चाचा मान वर न करता म्हणाले. "जोड लागतीय."